मागच्या डब्यातून

"मॅम, मग तुम्ही सांगितलं का नाही?"

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर विमान उतरून दारं उघडली तेव्हा रात्रीचा पाऊण वाजून गेला होता. मागच्या दाराशी, शिडीच्या तोंडावर ती मुलगी उभी होती. दुपारपासून ड्युटीवर असावी. अंबाडा जागच्या जागी होता, पण लिपस्टिक उडालेली, डोळ्यांखाली थकवा उतरलेला. बाहेरून फेब्रुवारीतला गार वारा आत येत होता आणि तरीही ती प्रत्येकाकडे बघून मान झुकवत होती. मी उतरता उतरता थांबले आणि म्हटलं, "छान केलंस गं आज. तो वास मलाही आला होता, तुझ्या आधी." मला तिचं कौतुक करायचं होतं, बाकी काही नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि अगदी साध्या सुरात तो प्रश्न विचारला. त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्या मागे लोक खोळंबले होते. मी "हो ना" असं काहीतरी पुटपुटले आणि शिडी उतरले. बसमध्ये दांडा धरून उभी असताना, ऑटोत बसल्यावर, घरी येऊन हातपाय धुताना तो प्रश्न माझ्यासोबतच होता. या गोष्टीला आता तीन आठवडे झाले.

घडलं ते एवढंच. मुंबईहून रात्री नऊच्या सुमारास निघणारं विमान. पुशबॅक झाला, म्हणजे विमान ढकलून मागे नेलं, इंजिनं सुरू झाली, धावपट्टीकडे जाणाऱ्या रांगेत आमचा नंबर सातवा की आठवा. मी एकविसाव्या रांगेत, खिडकीशी. तिथे तो वास आला. जुन्या मिक्सरवर चटणी वाटताना मोटर तापली की येतो तसा, आणि त्यात जळक्या प्लास्टिकची हलकी छटा. आला, गेला, पुन्हा आला. शेजारच्या काकांनी नाक वर करून हुंगलं, "एसीचा असेल" म्हणाले आणि मोबाईलमध्ये डोकं घातलं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी पदर नाकाला लावला. म्हणजे वास निदान तिघांना आला होता. बोलवायचं बटण माझ्या डोक्यावर, हात लांब केला की पोचेल एवढ्या अंतरावर. मी हात वर नेलाही. एसीची जाळी बंद केली आणि हात खाली घेतला. घड्याळ बघायची माझी जुनी सवय अजून गेलेली नाही, म्हणून नक्की सांगू शकते: चार मिनिटं. चार मिनिटं मी तो वास घेत बसून होते. मग टेक-ऑफच्या आधीची शेवटची फेरी मारत ती मुलगी मागे आली, पट्टे बघत, खुर्च्या सरळ करायला सांगत. आमच्या रांगेशी थबकली. मान किंचित वर. दोन पावलं मागे, एक पुढे. कोणाला काही न विचारता ती सरळ मागच्या गॅलीत, म्हणजे क्रूच्या स्वयंपाकघरात, गेली आणि कॉकपिटशी बोलायच्या इंटरफोनचा तो ओळखीचा 'टिंग' मला ऐकू आला. थोड्याच वेळात विमान रांगेतून बाहेर पडलं आणि बेवर, म्हणजे विमान उभं करायच्या जागेवर, परतलं. इंजिनिअर चढले, छताचं एक पॅनेल उघडलं. केबिनमध्ये हवा खेळवणाऱ्या पंख्यांपैकी एकाची मोटर जळायला आली होती, असं नंतर कळलं. दुसरं विमान मिळेपर्यंत पावणेदोन तास गेले.

मी बटण का दाबलं नाही, याची उत्तरं त्या रात्री मी स्वतःला भराभर देऊन टाकली. मी आता प्रवासी आहे. त्यांना कळलंच असेल. पुढे एवढे दिवे आहेत, एवढी यंत्रं आहेत, मागच्या खिडकीतल्या बाईच्या नाकावर का विमान चालतं? आणि समजा काही नसलंच, तर? रांगेतून विमान बाहेर काढायला लावलं म्हणून दीडशे माणसं माझ्याकडे बघतील. आपल्याकडे एक शब्द आहे, आगाऊ. लहानपणी तो इतक्यांदा कानावर पडतो की पुढे कोणी उच्चारावा लागत नाही, आतल्या आत आपणच आपल्याला म्हणतो. लहान तोंडी मोठा घास नको. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये. हे सगळं मी ऐकत वाढले, तसं बहुतेक सगळेच वाढले असतील. पण मला ही सवलत नव्हती.

नऊ वर्षं मी त्या मुलीचंच काम केलं आहे.

२००५ साली मी केबिन क्रू म्हणून लागले. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना वाटतं की आम्ही ट्रॉली ढकलायला असतो. विमानात पन्नास आसनांमागे एक क्रू लागतो तो चहासाठी नव्हे. आग लागली तर दीड मिनिटात अर्ध्या दारांतून सगळं विमान रिकामं करता यावं, या हिशेबाने सगळी तयारी असते. टेक-ऑफ आणि लँडिंगच्या वेळी जंप सीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या खुर्चीवर, हात मांडीखाली घेऊन गप्प बसलेली मुलगी बघाल तर ती स्वस्थ बसलेली नसते. तिच्या डोक्यात उजळणी चाललेली असते: माझं दार कोणतं, खाली उतरायची खूण कोणती, बाहेर आग दिसली तर लोकांना कुठे वळवायचं, पहिला शब्द कोणता ओरडायचा. आम्ही त्याला सायलेंट रिव्ह्यू म्हणायचो. दर उड्डाणाला दोनदा. नऊ वर्षांत मी ती किती हजार वेळा केली असेन, आणि एकदाही तो शब्द ओरडायची वेळ आली नाही, याबद्दल मी आजही हात जोडते.

आणि उड्डाणाआधी असतं ब्रीफिंग. त्या पाच मिनिटांत दिवस कसा जाणार ते कळतं, असं आम्ही मुली म्हणायचो आणि ते खरं होतं. काही कॅप्टन उभ्या उभ्या यायचे, हवामान सांगायचे, उड्डाणाचा वेळ सांगायचे, सही करून निघून जायचे. काही जण प्रत्येकीचं नाव विचारायचे. माझं पहिलं वर्ष चालू असताना, मागच्या उजव्या दाराशी मी बसले होते आणि टेक-ऑफनंतर दाराच्या फटीतून शीळ घातल्यासारखा आवाज यायला लागला. बारीक, एकसारखा, दाताला झोंबणारा. मी इंटरफोनवर सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "हर आवाज के लिए फोन मत किया करो." एवढंच वाक्य. उतरल्यावर इंजिनिअरने बघितलं, दाराचं रबर थोडं झिजलं होतं, धोका काही नव्हता. म्हणजे कॅप्टन बरोबर होते. पण पुढचे कित्येक महिने मी इंटरफोनला हात लावायच्या आधी मनात वाक्य तीनदा घोळवायचे, सीनिअरला विचारायचे, आणि बऱ्याच वेळा 'असू दे' म्हणायचे. त्या एका वाक्याने एका मुलीचं तोंड बंद झालं, आणि त्या मुलीच्या मागे, तिच्या भरवशावर, दर उड्डाणाला पाऊणशे माणसं बसत होती. हे त्या गृहस्थांना कधी कळलंही नसेल. मी त्यांच्यावर राग धरून नाही. पण ते वाक्य मला शब्दन्‌शब्द आठवतं.

दुसरे एक कॅप्टन होते, हवाई दलातून आलेले, पांढऱ्या मिशांचे. मे महिन्यात दुपारी विदर्भावरून उडणं म्हणजे काय ते ज्याने अनुभवलंय त्यालाच ठाऊक. खाली ४५ अंशांत भाजलेली जमीन, वर चढणारी हवा, विमान खड्ड्यांच्या रस्त्यावरच्या बैलगाडीसारखं. हे कॅप्टन अशा वेळी स्वतः इंटरफोन करायचे आणि विचारायचे, "पीछे कैसा है?" पहिल्यांदा मला कळेचना की ते मला का विचारताहेत. मग त्यांनीच सांगितलं: शेपटीकडे झोल जास्त बसतो, पुढे मला अर्धा कळतो. तू सांग, गाडा आवरायचा का? मी "हो सर" म्हटलं की लगेच घोषणा व्हायची आणि आम्ही पट्टे बांधून बसायचो. निर्णय त्यांचाच असायचा. पण माझ्या पायाखाली जे हलत होतं ते त्या निर्णयात आलेलं असायचं. त्यांच्या विमानावर मला कधी वाक्य तीनदा घोळवावं लागलं नाही.

पुढच्याला मागचं दिसत नाही, हे मला खरं तर त्यांच्याही आधी माहीत होतं. माझे बाबा रेल्वेत गार्ड होते. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण बाबांचं सगळं आयुष्य गार्ड या शब्दात गेलं. अजनीच्या क्वार्टरमध्ये दाराशी त्यांची काळी लोखंडी पेटी असायची. तिच्यात लाल-हिरवे झेंडे, दिवा, शिट्टी, धोक्याच्या इशाऱ्यासाठी रुळावर लावायचे फटाके, नियमांचं पुस्तक. त्या पेटीला आम्ही हात लावायचा नाही. लोकांना वाटतं गाडी ड्रायव्हरची. पण गाडी थांबवायची-चालवायची त्यात प्रमुख गार्ड, आणि स्टेशनवरून गार्डाने हिरवा दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही. बाबा एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. बल्लारशाकडून कोळशाची मालगाडी घेऊन येत होते, हिंगणघाट मागे पडलं होतं, रात्रीचे दोन-अडीच. गाडी वळणावर आली आणि मधल्या एका वाघिणीच्या, म्हणजे मालडब्याच्या, चाकाशी ठिणग्या दिसल्या. हॉट ॲक्सल, चाकाचा आस तापलेला. सरळ रुळावर ते ड्रायव्हरला दिसणं शक्य नाही, आणि वळणावरही तो पुढे बघतो, त्याने पुढेच बघायचं असतं. तेव्हा वॉकीटॉकी नव्हते. बाबांनी ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गार्डाच्या शेवटच्या डब्यातून, ब्रेकचं प्रेशर उतरवलं, गाडी थांबली. ड्रायव्हर कंदील घेऊन शिव्या देत सगळी गाडी चालत मागे आला. दोघं त्या वाघिणीशी गेले तर ॲक्सल बॉक्स लाल झालेला. ड्रायव्हरने तिथेच रुळावर बसून बिडी पेटवली आणि एक बाबांना दिली. बाबा बिडी ओढत नसत, पण ती ओढली. मी नोकरीला लागले तेव्हा बाबा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मला स्टेशनवर सोडायला आले आणि एवढंच म्हणाले, "ड्रायव्हर चिडला तर चिडू दे बेटा. गाडी थांबल्यावर समजूत घालता येते."

हेच बाबा घरात मात्र पुढच्या इंजिनात बसायचे.

आईने भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी चालायचं, पण कुठे पैसे घालायचे, कोणाचं लग्न कुठे ठरवायचं, कोणता डॉक्टर, कोणता रस्ता, यात कोणी काही सुचवलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं: "मला कळत नाही का?" ते ओरडत नसत. हळूच म्हणायचे, चष्म्यावरून बघत. त्यानंतर स्वयंपाकघरातून फक्त भांड्यांचा आवाज यायचा. मला त्यांचा अभिमान होता, आजही आहे. तरी या दोन माणसांचा मेळ मला कधी घालता आला नाही: रात्री अडीच वाजता सगळी गाडी थांबवणारा माणूस, आणि दुपारी जेवताना बायकोचं वाक्य थांबवणारा माणूस. एकच माणूस, एकच ताट.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला अपघात शिकवायचे. तो तास मला नकोसा व्हायचा आणि तोच सगळ्यात जास्त लक्षात राहिला. ८ जानेवारी १९८९, लंडनहून बेलफास्टला निघालेलं बोइंग ७३७. डाव्या इंजिनातलं एक पातं तुटलं, केबिनमध्ये धूर आला, विमान थरथरायला लागलं. पायलटांची समजूत झाली की बिघाड उजव्या इंजिनात आहे. त्यांनी उजवं बंद केलं. योगायोगाने त्याच वेळी थरथर कमी झाली, त्यामुळे समजूत पक्की झाली. कॅप्टनने प्रवाशांना सांगितलं की उजव्या इंजिनात बिघाड होता, ते बंद केलं आहे. मागे बसलेल्या काही प्रवाशांनी आणि क्रूने डाव्या इंजिनातून ज्वाळा निघताना पाहिल्या होत्या. डाव्या. त्यांनी कॅप्टनची घोषणा ऐकली, आणि ही गोष्ट कॉकपिटपर्यंत कोणीच पोचवली नाही. उतरताना डावं इंजिनही गेलं आणि केगवर्थ गावाजवळ, धावपट्टीच्या जरासं अलीकडे, महामार्गाच्या बांधावर विमान आदळलं. १२६ पैकी ४७ माणसं गेली. आमच्या वर्गातल्या एका मुलीने तेव्हा विचारलं होतं, "त्यांनी का नाही सांगितलं?" आणि आम्ही सगळ्या मोठ्या शहाण्यासारखं हळहळलो होतो.

त्याच वर्षी मार्चमध्ये कॅनडातलं ड्रायडन. छोटं फोकर विमान, बाहेर हिमवर्षाव, पंखांवर बर्फ साचलेला. बर्फ पुसल्याशिवाय उडू नये, हे त्या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक. सोनिया हार्टविक नावाच्या फ्लाइट अटेंडंटला तो बर्फ दिसत होता. प्रवाशांमध्ये सुट्टीवर असलेले दोन पायलटही होते. तेही गप्प होते, म्हणून तिला वाटलं की काही काळजीचं नसावं. शिवाय पूर्वी अशा एका बाबतीत पायलटांनी तिला झटकून टाकलेलं होतं. विमान उठलं, झाडांत कोसळलं. ६९ पैकी २४ जण गेले, दोन्ही पायलट त्यात होते. सोनिया वाचली, आणि तिला हे सगळं चौकशी आयोगासमोर सांगावं लागलं. तिचा विचार मी पूर्वी कधी एवढा केला नव्हता. या तीन आठवड्यांत रोज केला. 'हर आवाज के लिए' हे तिलाही कोणीतरी म्हटलं होतं, दुसऱ्या भाषेत. आणि ते सुट्टीवरचे दोन पायलट, जाणकार असून खिडकीशी गप्प बसलेले. एकविसाव्या रांगेत त्या रात्री मीच ते होते.

या दोन अपघातांनंतर पायलट आणि केबिन क्रूने एकत्र बसून शिकावं, हा आग्रह वाढला. त्या शिक्षणाला सीआरएम, म्हणजे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणतात, आणि त्यात एक शब्द येतो, ऑथॉरिटी ग्रेडिएंट. अधिकाराचा चढ. तो अजिबात नसला तर कोण ठरवणार तेच कळत नाही, आणि घाटासारखा उभा असला तर खालच्याचा आवाज वर पोचेपर्यंत विरून जातो. मी हे घोकलं, परीक्षेत लिहिलं, पुढे नव्या मुलींना सांगितलं. त्याला २००१ नंतर आणखी एक गोष्ट येऊन मिळाली: कॉकपिटचं कुलूपबंद, चिलखती दार. ते हवंच. पण दार बंद झालं आणि मागचा माणूस पुढच्याला फक्त तारेवरचा आवाज झाला. शिवाय दहा हजार फुटांच्या खाली पायलटांशी अनावश्यक बोलायचं नाही, हा नियम. अतिशय योग्य नियम. पण 'अनावश्यक' म्हणजे काय हे ठरवायचं कोणी, तर एकवीस वर्षांच्या मुलीने, काही सेकंदांत, हातात फोन धरून.

आता नागपूरकराला टाळता येणार नाही अशा जागेशी मी आले आहे. ७ ऑगस्ट २०२०, केरळातल्या कोझिकोडचा विमान अपघात. विमानाचे कॅप्टन दीपक साठे, हवाई दलातले निवृत्त विंग कमांडर, नागपूरशी घट्ट नातं असलेले. करोनाचे दिवस, दुबईहून माणसं घरी आणणारं विमान, पाऊस, टेबलटॉप म्हणजे टोकाशी उतार असलेली पठारावरची धावपट्टी. त्या रात्री आमच्या इमारतीत कोणी झोपलं नाही. आपला माणूस, असंच सगळे म्हणत होते, आई देवापाशी दिवा लावून बसली होती. दोन्ही पायलटांसह एकवीस जण गेले. वर्षभराने चौकशीचा अहवाल आला आणि मी तो वाचला, वाचायचा नव्हता तरी. विमान धावपट्टीवर फार पुढे, जवळजवळ अर्धी धावपट्टी संपल्यावर टेकलं. सहवैमानिकाने 'गो अराउंड' म्हटलं होतं. ते ऐकून विमान वर उचलायला हवं होतं, ते झालं नाही, आणि त्याने ताबाही घेतला नाही. अहवालात तोच शब्द आहे, चढ. दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण डोक्यावर असण्याचं आणि कोझिकोडला पुरेसे कॅप्टन नसण्याचंही त्यात आहे, म्हणजे ओझं एकट्या माणसाच्या खांद्यावर नव्हतं. त्याच्या दहा वर्षं आधी मंगळूरच्या अपघातातही सहवैमानिकाने तीनदा 'गो अराउंड' म्हटलं होतं. मला हे लिहिताना हात जड होतो. ज्यांनी आयुष्यभर विमानं उडवली, देशासाठी उडवली, त्यांच्याबद्दल खुर्चीत बसून बोलायचा मला काय अधिकार? आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या, बत्तीस वर्षांच्या त्या तरुणाबद्दल तर मला काहीच म्हणवत नाही. त्याने सांगितलं होतं. एकदा सांगितल्यावर दुसऱ्यांदा, मोठ्या आवाजात, हात पुढे करून सांगणं, हे किती कठीण आहे ते एक बटण न दाबलेल्या बाईला विचारा.

पण कमांड नकोच, सगळ्यांनी मिळून ठरवू, असं मी कधी म्हणणार नाही. विमानात अखेरचा शब्द एकाचाच हवा. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारं मोठं विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं, त्या दिवसाची चित्रं मी कितीतरी वेळा पाहिली. आत ३७९ माणसं. आग लागल्याचं कॉकपिटला क्रूने कळवलं. घोषणेची यंत्रणा बंद पडली तेव्हा क्रूने कर्णे घेतले आणि ओरडून लोकांना वळवलं. आठ दारांपैकी तीनच उघडण्याजोगी होती. मागच्या डाव्या दाराशी असलेल्या क्रूचा कॉकपिटशी संपर्क होईना. तिथे बाहेर आग नाही हे बघून त्यांनी स्वतःच्या अखत्यारीत ते दार उघडलं. त्या जपानी विमानातले सगळे वाचले, आणि सगळ्यात शेवटी कॅप्टन उतरला, आत कोणी राहिलेलं नाही हे आसन न्‌ आसन तपासून. तटरक्षक दलाच्या विमानातले पाच जण मात्र गेले. त्या दाराशी असलेल्या क्रूला तो अधिकार आधीच, शांतपणे, वर्गात बसून दिलेला होता. म्हणून त्या क्षणी वाक्य घोळवावं लागलं नाही.

आमच्या त्या रात्रीचा एक भाग मी अजून सांगितला नाही. बेवर परतल्यानंतर लोक उभे राहिले, आवाज चढले. एक गृहस्थ त्या मुलीच्या अगदी समोर जाऊन, बोट नाचवत म्हणत होते, "एका वासासाठी विमान फिरवता? माझं सकाळी कोर्टात काम आहे, जबाबदार कोण?" ती "सर, सॉरी सर" म्हणत होती, पाठ गॅलीच्या कपाटाला टेकलेली. तेवढ्यात पुढचं दार उघडून कॅप्टन बाहेर आल्या. हो, बाई होत्या, चाळिशीच्या, उंच. खुर्च्यांमधली सगळी वाट चालत मागे आल्या, त्या मुलीच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "इन्होंने बताया, मैंने रोका. फैसला मेरा है, जो पूछना है मुझसे पूछिए." मग त्या गृहस्थांना बसवलं, आणि जाता जाता मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिला काहीतरी हळू बोलल्या. काय ते मला ऐकू आलं नाही. मुलीने मात्र मान डोलावली आणि कपाटापासून पाठ सोडवली. मला वाटतं पुढच्या वेळी ती अर्ध्या मिनिटातच फोन उचलेल.

परवा रविवारी आई आणि मी मनीषनगरच्या गॅलरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. यंदाच्या शेवटच्या असतील. मी तिला हे सगळं सांगितलं, वास, चार मिनिटं, शिडीवरचा प्रश्न. आईला गोष्ट आवडली. "धीराची पोट्टी आहे," म्हणाली. मग जरा वेळाने, "अन्‌ तू काहून नाही बोलली गं?" मी म्हटलं, वाटलं त्यांना कळलं असेल. आईने हातातली शेंग सोलून दाणे पातेल्यात टाकले, पुढची घेतली, ती तशीच धरून ठेवली.

बाबा २०११ साली गेले. मी त्या दिवशी गुवाहाटीत होते, उतरल्यावर फोन चालू केला तेव्हा कळलं. सकाळी छातीत जळजळतंय म्हणाले, सोडा घेतला, दुपारी गेले. आमच्या घरात ही गोष्ट एवढीच सांगितली जाते.

"घाम आला होता त्याइले," आई म्हणाली. "गंजी पिळून निघाली असती एवढा. मी म्हटलं, दवाखान्यात चला. त्याइनं चष्म्यावरून पाह्यलं अन्‌ म्हणाले, मला कळत नाही का."

खालून मालगाडी जात होती. आम्ही दोघी नेहमीच्या सवयीने ती संपायची वाट बघत थांबलो. गाडी गेल्यावर आई म्हणाली, "एकदा म्हटलं होतं मी. दुसऱ्यांदा नाही म्हटलं." आणि हातातली शेंग सोलायला लागली. मी माझी पाटी तिच्याजवळ सरकवली आणि तिच्या पुढ्यातल्या निम्म्या शेंगा माझ्याकडे ओढून घेतल्या.